पहिल्या रिमांडला मिळणारा मोफत वकील: कोल्हापूरची लोकअभिरक्षक सेवा कितपत उपयोगाची?

खून, खुनाचा प्रयत्न, दरोडा, मोठी फसवणूक अशा गंभीर गुन्ह्यात घरातल्या माणसाला उचललं की पहिल्या रात्री घरचे धावतात ते ओळखीच्या पुढाऱ्याकडे, ठाण्यातल्या कुणा परिचिताकडे आणि पैशांच्या सोयीला. वकिलाचं नाव दुसऱ्या दिवशी दुपारी निघतं. तोवर कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात पुकारा झालेला असतो आणि पोलिस कोठडीचा आदेश निघालेला असतो. त्या पहिल्या हजेरीला उभा राहणारा वकील फुकट मिळतो, आणि तो कायद्यानं मिळायलाच हवा. कोल्हापुरात ही सेवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातून मिळते. मत आधीच सांगतो: पहिल्या रिमांडपुरती, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरवणाऱ्या हजेरीपुरती, ही सेवा भरवशाची आहे, ऐपत असलेल्यानंही ती बेलाशक घ्यावी. जामिनाला आणि खटल्याला कोण उभा राहील हे नंतर दोन दिवस घेऊन ठरवता येतं. सेवेचं दुखणं वेळेचं आहे, ते पुढे सविस्तर येईलच.

आधी ही माणसं कोण ते पाहू. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं 2022 मध्ये ही पद्धत देशभर लागू करायला घेतली. मुख्य लोकअभिरक्षक, उपमुख्य लोकअभिरक्षक आणि सहाय्यक लोकअभिरक्षक अशी उतरंड. हे वकील पूर्णवेळ असतात, ठरलेलं मानधन घेतात, आणि त्या काळात त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. पूर्वी पॅनेलवरचा वकील आपल्या खाजगी कामांतून सवड काढून यायचा आणि दर तारखेमागे किरकोळ फी मिळवायचा. आता आरोपीची बाजू मांडणं एवढंच काम असलेले वकील रोज कोर्टात असतात. कुठल्या कोर्टात रिमांड किती वाजता घेतात, तपास अधिकारी कोणते मुद्दे पुन्हा पुन्हा लिहितात, हे त्यांना पाठ असतं. कधीतरी फौजदारी काम करणाऱ्या वकिलापेक्षा पहिल्या दिवशी हा वकील सरस ठरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पात्रतेबद्दल फार गैरसमज आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डाचा रंग, जातीचा दाखला यांतलं काहीही पहिल्या रिमांडला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये कोठडीत असलेली व्यक्ती ही स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. चार एकर ऊस असलेल्यालाही हा वकील मिळतो. मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या अपिलावर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे अगदी पक्कं केलं: अटकेतल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणलं की त्याला वकिलाचा हक्क आहे हे सांगणं आणि वकील नसेल तर सरकारी खर्चानं देणं, हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यामुळे घरचं कुणीच पोहोचलं नाही तरी आरोपीनं एवढं म्हणावं, "साहेब, माझा वकील नाही, मला सरकारी खर्चानं वकील द्या." हे वाक्य घरच्यांनी त्याच्या कानावर घालता आलं तर जरूर घालावं.

सेवा मागायच्या वाटा तीन. 15100 हा टोल फ्री क्रमांक. न्यायसंकुलातलं प्राधिकरणाचं कार्यालय. आणि तालुक्याच्या गुन्ह्यात त्या त्या कोर्टातली तालुका विधी सेवा समिती. फोनवर रडगाणं सांगत बसू नका. आरोपीचं पूर्ण नाव आणि वय, पोलिस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर माहीत असेल तर तो, आणि माणूस नेमका किती वाजल्यापासून पोलिसांच्या ताब्यात आहे, एवढं सांगा. शहरात ठाणी बरीच आहेत, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा, राजारामपुरी, करवीर. आणि कोणत्या ठाण्याचा रिमांड कोणत्या कोर्टात हे ठरलेलं असतं. स्थानिक गुन्हे शाखेनं पकडलं तर माणूस एका जागी, गुन्हा दुसऱ्या ठाण्यात, असं होतं. तिथं "कुणी पकडलं" यापेक्षा "गुन्हा कुठे दाखल आहे" हे विचारा, म्हणजे कोर्ट सापडतं. गुन्ह्याची प्रत (एफआयआर) पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही मिळते. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार ती 24 तासांत चढवायची असते, फक्त लैंगिक गुन्हे आणि तसे संवेदनशील गुन्हे वगळून.

आरोपी अठरा वर्षांखालचा असेल तर पुढची वाट वेगळी आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं आणि दंडाधिकाऱ्यासमोर न नेता बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असतं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला घेऊन तडक वकिलाकडे जा. पोक्सो, अमली पदार्थ, मोक्का अशा कायद्यांखालचे रिमांडही साधारणपणे विशेष न्यायालयासमोर होतात.

आता खरा कस लागतो तो अटकेच्या वेळेवर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 प्रमाणे अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं असतं, फक्त प्रवासाचा वेळ वगळून. रविवार, दिवाळी, गणपती, कशाचीही सूट नाही. शनिवारी संध्याकाळी सातला अटक झाली तर रविवारी सातच्या आत सुट्टीच्या ड्यूटीवरच्या दंडाधिकाऱ्यासमोर आणावंच लागतं. घोळ कुठे होतो? सकाळी दहाला "जरा चौकशीला चला" म्हणून नेतात, दिवसभर बसवून ठेवतात आणि अटक पंचनाम्यावर वेळ पडते रात्री साडेनऊची. माणसाला उठून घरी जाण्याची मोकळीक ज्या क्षणी संपली तिथून तास मोजायचे, असा युक्तिवाद वकील करू शकतो, पण त्याला पुरावा हवा. घरच्यांचं काम इथं आहे. कितीला नेलं, कोणत्या गाडीनं, शेजारी कुणी पाहिलं, त्यानंतरचा शेवटचा फोन कितीला झाला, दुकानाच्या कॅमेऱ्यात काही आलंय का, हे वकिलाच्या हातात कागदावर लिहून द्या. पोलिस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवावं असा आदेश सर्वोच्च न्यायालयाचा 2020 पासून आहे. ते चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी दिला तर पुढे उपयोगी पडतो, महिन्यांनी दिला तर "उपलब्ध नाही" असं उत्तर यायचा धोका वाढतो.

दुसरा कागद म्हणजे अटकेची कारणं. कायद्याचं कलम सांगणं वेगळं आणि या माणसाला का पकडलं हे सांगणं वेगळं. फेब्रुवारी 2025 मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर 2025 मध्ये, तेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा घट्ट केला. कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी द्यायची. हे झालं नसेल तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात. त्यानंतर कारणं देऊन पोलिसांना पुन्हा कोठडी मागता येते, म्हणून याला कायमची सुटका समजू नका, पण पहिल्या हजेरीतलं हे सर्वांत धारदार हत्यार आहे. आरोपीला कागद दिला जातो तेव्हा पोच म्हणून सही घेतात. सहीशेजारी त्यानं स्वतःच्या हातानं तारीख आणि वेळ लिहावी. कोऱ्या जागेसकट सही केलेला कागद नंतर वकिलाला काहीच मदत करत नाही. अटक मेमोवर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, तिथंही हेच: वेळ वाचल्याशिवाय सही नको.

हजर करण्याआधी वैद्यकीय तपासणी होते, शहरात बहुधा सीपीआर या सरकारी रुग्णालयात. तिथं डॉक्टरांपुढे मार लागल्याचं सांगायला आरोपी कचरतो, कारण बाजूला तेच पोलिस उभे असतात. लोकअभिरक्षक या तपासणीचा कागद मागतो का, हे आम्ही या सेवेचं एक मोजमाप मानतो. अहवालाची प्रत आरोपीला मिळण्याची तरतूद संहितेच्या कलम 53 मध्येच आहे.

आता कोर्टातली ती दहा-पंधरा मिनिटं. आरोपींना बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर आणतात. पोलिसांच्या गराड्यात ते व्हरांड्यात बसतात किंवा उभे असतात, तपासासाठी ओळख परेड घ्यायची असेल तर तोंडावर बुरखा असतो. तो बुरखा घरच्यांनी काढायला लावू नये. ओळख परेडीआधी साक्षीदाराला चेहरा दिसला तर परेडीची किंमत जाते, आणि तो वाद आरोपीच्या फायद्याचा की तोट्याचा हे वकिलाला ठरवू द्या. लोकअभिरक्षक इथंच आरोपीला गाठतो. वकालतनाम्यावर सही किंवा अंगठा, दोन-चार प्रश्न, आणि पुकारा. याच क्षणी एक गफलत होते. काळ्या कोटातला अनोळखी माणूस "मी तुमचा सरकारी वकील" म्हणतो आणि आरोपीला वाटतं हा पोलिसांच्या बाजूचा. तो गप्प बसतो. खरं तर समोरच्या बाजूला सहायक सरकारी अभियोक्ता असतो, आणि हा माणूस फक्त आरोपीचा असतो, आरोपीनं सांगितलेलं तो पोलिसांना सांगू शकत नाही. घरच्यांपैकी एकानं जवळ जाऊन "हे आपले वकील" एवढं म्हटलं तरी बोलणं मोकळं होतं. घटना कशी झाली याची गोष्ट व्हरांड्यात सांगायची नाही, आजूबाजूला शिपाई ऐकत असतात. अटक कितीला, मारहाण झाली का, काय जप्त केलं, कशावर सह्या घेतल्या, आजार कोणता: एवढंच बोलायचं.

पोलिसांचा रिमांड रिपोर्ट म्हणजे दोन-तीन पानी मराठी मजकूर. वर गुन्हा नंबर, कलमं, फिर्यादीचं नाव, अटकेची तारीख-वेळ. मग थोडक्यात हकीकत. मग तपासाचे मुद्दे. आणि शेवटी "सबब आरोपीस इतके दिवस पोलिस कोठडी मिळणेस विनंती आहे". वकिलाची लढाई त्या मधल्या मुद्द्यांशी असते. हत्यार जप्त करायचं आहे, अंगावरचे कपडे हस्तगत करायचे आहेत, गाडी शोधायची आहे, साथीदार कोण, पैसे कुठे गेले, कट कुठे शिजला, हे नेहमीचे मुद्दे. चांगला लोकअभिरक्षक एकेक मुद्दा उचलतो: हत्यार घटनास्थळ पंचनाम्यातच मिळालंय, मोबाइल काल रात्रीच जप्त आहे, बँकेचे उतारे बँकेकडून मागवता येतात त्याला माणूस कोठडीत कशाला. पूर्ण नकार मिळणं गंभीर गुन्ह्यात विरळ. मागितलेले दिवस कमी करून आणणं हे पहिल्या दिवसाचं वास्तव यश आहे. खुनाच्या गुन्ह्यात पोलिस कोठडी मिळालीच म्हणून वकील निकम्मा ठरवू नका. तो मुद्द्यांवर बोलला की नुसतं "कोठडी देऊ नये" म्हणून खाली बसला, यावर त्याला जोखा.

दंडाधिकारी आरोपीला नाव विचारतात आणि मग एक छोटा प्रश्न: "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" घाबरलेला माणूस "नाही साहेब" म्हणतो आणि आदेशात "तक्रार नाही" हे शब्द उतरतात. पुढे सहा महिन्यांनी मारहाणीचं सांगितलं की हेच दोन शब्द समोर ठेवले जातात. मार बसला असेल तर इथंच सांगायचं, कुठे लागलं ते दाखवायचं, आणि वकिलानं पुन्हा वैद्यकीय तपासणी मागायची. तक्रार नसेल तर खोटी करायची नाही. त्यानं काही साधत नाही आणि पुढचा खरा मुद्दा हलका होतो.

गुन्हा कबूल आहे का, हे पहिल्या हजेरीला विचारत नाहीत. मालिका-सिनेमांतून ही कल्पना इतकी रुजली आहे की आरोपी आपणहून बोलू लागतो. अमेरिकेतसुद्धा गंभीर गुन्ह्यात पहिल्या हजेरीला आरोप सांगणं, वकील देणं आणि जामीन पाहणं एवढंच बहुधा होतं, कबुली-नाकबुलीचा टप्पा नंतरचा. आपल्याकडे तर दोषारोपपत्र येणार, प्रती मिळणार, सत्र न्यायालयात चालणारा खटला तिथं वर्ग होणार आणि मग आरोप निश्चितीला हा प्रश्न येणार. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून पोलिस कोठडीत जाणाऱ्या आरोपीला वकिलानं निवेदन पंचनामा (वस्तू काढून देतो असं आरोपीचं बोलणं पंचांसमोर लिहून घेणं) काय असतो हे दोन वाक्यांत समजावणं फार मोलाचं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. घरच्यांनी वकिलाला याची आठवण करावी.

पोलिस कोठडी मिळालीच तर त्याच वेळी मागायच्या काही गोष्टी आहेत. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याची मुभा, नियमित औषधं, चष्मा, घरचा डबा. वकिलाला भेटण्याचा हक्क कलम 38 मध्ये आहे, पण तो चौकशी चालू असताना पूर्ण वेळ बाजूला बसण्याचा नाही. भेटीची वेळ आदेशात लिहून घेतली तर ठाण्याच्या दारात हुज्जत होत नाही. मधुमेह, रक्तदाब, फिट यांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं घरच्यांनी सोबत आणायला हवीत, नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही. कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, हे डी. के. बसू खटल्यातलं 1996 सालचं बंधन आहे.

जामिनाबद्दल लोकांची सर्वांत मोठी निराशा पहिल्याच दिवशी होते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप आहे, उदाहरणार्थ भारतीय न्याय संहितेचं कलम 103 म्हणजे खून किंवा 310 म्हणजे दरोडा, त्यात प्रथम वर्ग दंडाधिकारी जामीन देत नाहीत, त्यांचा अधिकारच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 नं आवळलेला आहे. अपवाद बालक, स्त्री, आजारी किंवा दुर्बल व्यक्तीचा. बाकीच्यांनी कलम 483 खाली सत्र न्यायालयात जायचं. तिथं नाकारला तर उच्च न्यायालय, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, आणि कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं तिथं येतात. रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबईला जायचं, तारीख पडली की परत यायचं, हा खर्च वाचला. गरीब आरोपीच्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि लोकांनी दिलेल्या दीर्घ लढ्याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेतला एक बदल लोकांच्या अजून लक्षात येत नाही. पूर्वी पहिल्या 15 दिवसांनंतर पोलिस कोठडी मिळत नसे. आता कलम 187 प्रमाणे हे 15 दिवस तुकड्यातुकड्यानं, गुन्ह्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत मागता येतात. त्यामुळे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, माणूस कळंब्याच्या तुरुंगात गेला, म्हणजे पीसीआर (पोलिस कोठडी) कायमचा संपला असं समजू नका. मात्र पहिल्या 15 दिवसांपलीकडे पोलिस कोठडी लागू शकेल एवढ्याच कारणावरून जामीन अडवता येत नाही, हेही कलम 480 मध्येच लिहिलंय. जामीन अर्जाला पोलिसांनी हे कारण दिलं तर वकिलानं ते वाक्य बोट ठेवून वाचून दाखवावं.

आणि ती 60 व 90 दिवसांची मोजणी. वेळेत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला 90 दिवस, बाकीच्यांना 60. साधी फसवणूक, न्याय संहितेचं कलम 318(4), सात वर्षांची, म्हणून 60. पण त्यालाच व्यापारी, दलाल किंवा एजंटानं केलेल्या विश्वासघाताचं 316(5) जोडलं की जन्मठेप येते आणि मुदत 90 होते. म्हणून पहिल्या रिमांड रिपोर्टवरची कलमं जशीच्या तशी टिपून ठेवा, नंतर वाढवलेलं कलम ओळखू येतं. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे, आणि ती तारीख धरून मोजायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये नक्की केलं. अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस गाफील राहिलात आणि सकाळी कागद दाखल झाले तर हक्क गेला. या कामात लोकअभिरक्षक कार्यालय उपयोगी पडतं, पण त्यांच्याकडे कितीतरी आरोपींच्या तारखा असतात. तुमच्या एका माणसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहा आणि आठवडाभर आधी कार्यालयात जाऊन सांगा.

जामीन झाला की खरी अडचण जामीनदाराची. आपल्याकडे सातबारा आणतात तो विकास सेवा संस्थेच्या पीक कर्जाच्या बोजासह. बोजा किती आणि जमिनीची किंमत किती हे पाहिलं जातं, तेव्हा 8-अ, घरपट्टीची पावती, आधार, फोटो आणि जमल्यास तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला जोडून न्या. पगारदार जामीनदार असेल तर अलीकडच्या पगारपत्रकासह कंपनीचं किंवा कारखान्याचं ओळखपत्र. जामीनदारानं आजवर कितीजणांना जामीन राहिलो हे लिहून द्यायचं असतं, ते लपवू नये. पैशाअभावी सुटका अडली असेल तर अट शिथिल करण्याचा अर्ज फुकट करून मिळतो. 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. सचिव हे न्यायाधीश असतात, त्यांना लेखी अर्ज देता येतो.

आता कमतरता, स्पष्टपणे. पहिली आणि मोठी: सेवा कोर्टाच्या व्हरांड्यात सुरू होते, तर गरज ठाण्याच्या बाकड्यावर असते. ठाण्यात असतानाच वकील मिळावा अशी पद्धत राष्ट्रीय प्राधिकरणानं 2019 मध्येच घालून दिली आहे, पण त्यासाठी कुणीतरी फोन करावा लागतो, आणि अटकेतला माणूस तो करू शकत नाही. म्हणजे घरच्यांनी 15100 फिरवला तरच ती रात्र वाया जात नाही. दुसरी: अशिलाशी बोलायला वेळ अपुरा. पोलिसांनी उशिरा आणलं तर वकिलाच्या हातात काहीच नसतं. त्यानं "अशिलाशी बोलायला दहा मिनिटं द्यावीत" अशी विनंती कोर्टाला करायला हवी, आणि ती मान्य न करण्यासारखी नसते. तिसरी: रिमांडनंतर घरी कळवणारी यंत्रणा नाही. पुढची तारीख, आदेश, कोठडी कुठली, हे तुम्हालाच विचारावं लागतं. चौथी कमतरता एकाच गुन्ह्यात चार-पाच आरोपी असतात तेव्हाची. एकाचा बचाव दुसऱ्याच्या अंगावर ढकलणारा असेल तर एकच कार्यालय दोघांची बाजू नीट मांडू शकत नाही. अशा वेळी दुसऱ्यासाठी पॅनेलवरचा वेगळा वकील मागा आणि तो पहिल्याच तारखेला मागा.

आणखी एक ताकीद. ही सेवा पूर्ण मोफत आहे, वकालतनामा, नकला, टायपिंग, काहीही. या नावाखाली कुणी पैसे मागितले तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. कोर्टाच्या आवारात "आजच सोडवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाशी बोलूच नका. खून-दरोड्याच्या पहिल्या रिमांडला कुणीही असं वचन देऊ शकत नाही, ते का हे वर आलंच आहे.

खाजगी वकील नंतर लावायचा ठरला तर अवघड काही नाही. नव्या वकालतनाम्यावर लोकअभिरक्षकाची ना-हरकत सही घ्यायची, आणि फाइलमधून रिमांड रिपोर्ट, प्रत्येक रिमांडचा आदेश, वैद्यकीय कागद व अटकेच्या कारणांची प्रत यांच्या झेरॉक्स मागून घ्यायच्या. नवा वकील पहिल्या भेटीत नेमकं हेच मागतो.